तिवराच्या पानांतून प्रोटीन काढण्यासाठी कोणती पद्धत घ्यावी? (जेल आणि पुढे मास स्पेक)

खाडीकाठ, वाशी
एमएस्सीचा प्रकल्प आहे. कमी-जास्त क्षारतेत तिवराच्या (अ‍ॅव्हिसेनिया मरीना) पानांतली प्रोटीन कशी बदलतात ते पाहायचंय. ठाणे खाडीकाठची पानं परवानगी घेऊन आणली आहेत. ५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच ७.५) वाटली की अर्क लगेच तपकिरी होतो. ब्रॅडफर्डचा (रंगावरून प्रोटीन मोजण्याची चाचणी) आकडा भरघोस येतो, पण प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या १२ टक्के जेलवर लेन वरपासून खालपर्यंत धुरकट दिसते, बँड सुटत नाहीत. लिक्विड नायट्रोजन, फ्यूम हूड आणि -२० चा फ्रीझर आहे, -८० नाही. टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल)-अ‍ॅसिटोन करू की फेनॉल? आणि मास स्पेक (वस्तुमानावरून प्रोटीन ओळखणं) जवळपास कुठे होईल?

पेलेटवाला
तिवरासाठी फेनॉलच करा.

आधी कारण लक्षात घ्या. पान फुटताच पॉलिफिनॉल आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ एकत्र येतात, क्विनोन तयार होतात आणि ती प्रोटीनला कायमची चिकटतात. तपकिरी रंग तोच. एकाच प्रोटीनच्या रेणूंना कमी-जास्त क्विनोन चिकटल्यामुळे बँडऐवजी धूसर पट्टा दिसतो. हे एकदा झालं की नंतर कितीही धुवा, परत फिरत नाही. म्हणून सगळी लढाई पहिल्या दोन मिनिटांत आहे.

तिवराच्या पानावर क्षारग्रंथी असतात. पानं डिस्टिल्ड वॉटरने दोन्ही बाजूंनी धुवा, टिपून घ्या, मधली शीर काढा. कोवळ्या फांदीवरची टोकाकडून दुसरी-तिसरी जोडी घ्या आणि सगळ्या झाडांवर तीच जोडी. १ ग्रॅम पानाला ०.१ ग्रॅम पीव्हीपीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी भुकटी) घालून लिक्विड नायट्रोजनमध्ये पिठाइतकं बारीक करा. भुकटी बफरमध्ये जाईपर्यंत वितळता कामा नये. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

बफर ५ मिली: ०.७ मोलर सुक्रोज, ०.५ मोलर ट्रिस पीएच ७.५, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ५० मिलिमोलर ईडीटीए, २ टक्के मरकॅप्टोइथेनॉल, १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइम थांबवतं). पीएमएसएफ अगदी शेवटी घाला, पाण्यात ते तासाभरात निम्मं संपतं. बर्फावर १० मिनिटं ठेवा, मग ट्रिसने संपृक्त केलेलं पीएच ८ चं फेनॉल तितकंच घालून १०-१५ मिनिटं हलवा. ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये ५,५०० जीला १० मिनिटं फिरवा.

इथे एक फसगत होते. एरवी फेनॉल खाली बसतं, पण या बफरात सुक्रोजमुळे पाण्याचा थर जड होतो आणि फेनॉल वर येतं. वरचा थर घ्या, मधल्या पांढऱ्या-हिरव्या पडद्याला पिपेट लावू नका. थोडं फेनॉल मागे राहिलं तरी चालेल. या फेनॉलला ताजा बफर घालून पुन्हा एकदा तसंच धुवा.

मग फेनॉलच्या ५ पट थंडगार मिथेनॉल (त्यात ०.१ मोलर अमोनियम अ‍ॅसिटेट) घालून -२० वर रात्रभर. पुन्हा फिरवून तळाशी बसलेलं प्रोटीनचं पेलेट याच मिथेनॉलने तीनदा धुवा, शेवटी एकदा ८० टक्के थंड अ‍ॅसिटोनने. ही धुणी टाळू नका: पोटॅशियम मागे राहिलं तर एसडीएसबरोबर (जेलसाठी वापरतात तो डिटर्जंट) पांढरा साका होतो आणि तो न विरघळलेल्या प्रोटीनसारखाच दिसतो. पेलेट ५ ते १० मिनिटंच सुकवा, कडक झालं की विरघळत नाही.

फेनॉल पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट खातं, नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात. ते त्वचा बधिर करतं, त्यामुळे भाजल्याचं लगेच कळत नाही. दुहेरी नायट्रिल हातमोजे घाला आणि त्वचेवर पडलेलं फेनॉल पुसायला पेग ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ची बाटली हाताशी ठेवा.

ट्रिस_आठ_आठ
फेनॉलच्या बाजूनेच मत, पण तीसेक सॅम्पल एकदम असतील तर टीसीए-अ‍ॅसिटोनही वाईट नाही. थंड अ‍ॅसिटोनमध्ये १० टक्के टीसीए आणि ०.०७ टक्के मरकॅप्टोइथेनॉल, -२० वर किमान एक तास, मग टीसीएशिवायच्या अ‍ॅसिटोनने रंग जाईपर्यंत धुणं. तोटा असा की पेशीभित्तिकेचा चोथा पेलेटमध्येच राहतो आणि जाड पानांत तो बराच असतो.

सॅम्पल बफर घातल्यावर निळ्याचं पिवळं झालं तर टीसीए उरलंय. पीएच न बांधलेलं १ मोलर ट्रिस १-१ मायक्रोलिटर घाला, निळं होताच थांबा. तसंच पिवळं चढवलंत तर बँड वेडेवाकडे पळतात.

पावसाळ्यात आपल्याकडे अमोनियम परसल्फेट दमट होतं आणि जेल बसत नाही. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, १० टक्के द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी करा. १२ टक्क्यांच्या १० मिली जेलला: पाणी ३.३, ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइड ४.०, १.५ मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५, १० टक्के एसडीएस ०.१, परसल्फेट ०.१ मिली, टेमेड ४ मायक्रोलिटर.

मोजमाप
तुमच्या ब्रॅडफर्डच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तपकिरी अर्क ५९५ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतो. रंग न घालता अर्काचं रीडिंग घेऊन पाहा, किती खोटं आहे ते दिसेल.

फेनॉलचं पेलेट ७ मोलर युरिया, २ मोलर थायोयुरिया, ४ टक्के चॅप्स (सौम्य डिटर्जंट) यात विरघळवा आणि बीएसएचं (गायीच्या सीरमचं अल्ब्युमिन) स्टँडर्ड त्याच बफरात बनवा. एसडीएस असलेल्या बफरात ब्रॅडफर्ड बिघडतं, डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल असेल तर बीसीए (प्रोटीन मोजण्याची दुसरी चाचणी) बिघडतं. लॅमलीच्या सॅम्पल बफरात दोन्ही असतात, म्हणून मोजून मगच त्यात घाला. युरियातलं सॅम्पल ३७ अंशांच्या वर कधीही तापवू नका: कार्बामायलेशन होऊन लायसिनवर ४३ डाल्टन चढतात, ट्रिप्सिन (मास स्पेकआधी प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम) तिथे कापत नाही आणि मास स्पेकचा निकाल बिघडतो.

कूमासीसाठी (जेल रंगवायचा निळा रंग) लेनला १५ मायक्रोग्रॅम पुरे. ५५ किलोडाल्टनच्या आसपास जाडजूड बँड आणि १५ च्या खाली-वर एक धारदार बँड दिसला तर ती रुबिस्कोची (पानातलं सर्वात मुबलक प्रोटीन) दोन उपघटकं. ती स्वच्छ सुटली की अर्क चांगला आलाय असं समजा. मात्र त्यांच्याखाली दबलेली प्रोटीन एका मितीच्या जेलवर दिसणार नाहीत.

कळवेकर
याच धाग्यात विचारते. आमच्याकडे खाडीच्या गाळातले बॅसिलस आणि दुसऱ्या गटाकडे रुग्णांचं सीरम आहे. हेच फेनॉल वापरायचं का?

पेलेटवाला
ताई, दोन्हीला गरज नाही, तिथे पॉलिफिनॉलचा त्रासच नसतो.

बॅसिलसची अडचण भिंतीची. पेशी पीबीएसने तीनदा धुवा, नाहीतर माध्यमातल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टचे पेप्टाइड मोजमापात येतात. लायसोझाइम १ मिग्रॅ प्रति मिली, ३७ अंश, अर्धा तास, मग बर्फावर सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं): १० सेकंद चालू, २० बंद. प्रोब वर घेऊन फेस होऊ देऊ नका. जेलवर १४ किलोडाल्टनला नवा बँड दिसला तर हुरळू नका, ते तुम्हीच घातलेलं लायसोझाइम. अर्क तारेसारखा ओढला जात असेल तर डीएनए आहे, २६ गेजच्या सुईतून काही वेळा ओढा किंवा न्यूक्लिएझ घाला.

सीरममध्ये उलट, प्रोटीन फार जास्त: ६० ते ८० मिग्रॅ प्रति मिली, निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन. ५० पट पातळ करून १० मायक्रोलिटर चढवा. रोगाशी संबंधित बहुतेक प्रोटीन अल्ब्युमिनच्या लाखो पट कमी असतात, म्हणून अल्ब्युमिन आणि आयजीजी (अँटिबॉडी) काढणारा कॉलम लागतो, आणि अल्ब्युमिनला चिकटलेली काही प्रोटीनही त्याबरोबर जातात. लालसर सीरम टाकून द्या. रुग्ण आणि निरोगी दोघांचं रक्त एकाच प्रकारच्या नळीत, तितकाच वेळ साकळू दिलेलं हवं. नाहीतर जो फरक दिसेल तो आजाराचा की नळीचा हे सांगता येणार नाही. नैतिकता समितीची मंजुरी नमुने घेण्याआधी, आणि प्रत्येक नमुना संसर्गजन्य समजूनच हाताळा.

ट्रिप्सिन
मास स्पेकसाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) आणि पवईची आयआयटी, दोन्हीकडे सुविधा आहेत. सॅम्पल नेण्याआधी ईमेलने विचारा: द्रावण चालेल की जेलचा तुकडा, कोणता डिटर्जंट नको, शोध कोणत्या प्रोटीन-यादीवर घेणार. तिवराचा जनुकसंच प्रसिद्ध झालेला आहे. त्यावरची यादी तुम्हीच द्या, नाहीतर शोध भलत्याच वनस्पतीवर चालेल. सॅम्पलमध्ये ट्रायटन आणि पेग नको. बँड कापताना नवी ब्लेड, नवे हातमोजे, केस झाकलेले. जेल उघडं ठेवलंत तर निकालात सगळ्यात वर माणसाचं केराटिन येतं.

आणि क्षारतेची तुलना करायची तर प्रत्येक गटात किमान तीन वेगळी झाडं हवीत. एकाच झाडाची पानं तीनदा वाटून ते भागत नाही. सगळी पानं भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्याला आणि दिवसाच्या त्याच वेळी तोडा.

खाडीकाठ, वाशी
खूप आभार सगळ्यांचे. फेनॉलच करते. -८० नसताना पेलेट कुठल्या टप्प्यावर थांबवून ठेवावं?

पेलेटवाला
शेवटच्या धुण्यानंतर न सुकवता, ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्येच -२० वर. युरियात विरघळवून साठवू नका. पवईला नेतानाही तीच नळी, झाकणाला पॅराफिल्म लावून, बर्फात उभी ठेवा.