मदत हवी आहे: आई-बाबांना मिसिसिपी डेल्टात कुठल्या महिन्यात बोलावू?

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैपासून आम्ही अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, डेल्टा म्हणतात त्या नदीकाठच्या सपाट पट्ट्यात, वॉशिंग्टन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा), लेलंडजवळ राहतो. भोवती कापूस, सोयाबीन, भात आणि कॅटफिशची तळी; वाणसामानालाही गाडी काढावी लागते. आई-बाबा रत्नागिरीहून पहिल्यांदाच येणार आहेत, साधारण पाच महिन्यांसाठी. बाबा ७४ वर्षांचे, बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू आहे आणि पहाटे चालून आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिकिटं कधीची काढू?

मी कोकणातली, उकाड्याचं मला काय, असं वाटलं होतं. आकडेही ओळखीचेच, जुलैत दुपारी ३३-३४ अंश. पण आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खारा वारा तरी सुटतो, आणि मिरग आला की सुटलो. इथे मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा वर येते, वाटेत आड यायला डोंगर नाही, आणि ती सप्टेंबरपर्यंत बसून राहते. पहाटे साडेपाचला दार उघडलं की चष्म्यावर वाफ. पाऊस वर्षभर थोडा थोडा, सगळा मिळून १३०० मिमीच्या आसपास. उन्हाळ्यात सर येऊन गेली की गारवा नाहीच, उलट वाफारा. आईने दिलेल्या नऊवारीला कपाटात बुरशी धरली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मार्च-एप्रिलची हवा छान, पण तेव्हा टोर्नेडोची, म्हणजे सोंडेसारख्या गरगरत्या वादळाची धास्ती. २४ मार्च २०२३ च्या रात्री शेजारच्या शार्की काउंटीतलं रोलिंग फोर्क गाव उद्ध्वस्त झालं. आमच्या घराला तळघर नाही. म्हातारी माणसं घेऊन मी कुठे लपू?

प्रतिसाद १
ताई, मी १२ वर्षं जॅक्सनला, राज्याच्या राजधानीत आहे. सप्टेंबरअखेर बोलवा, फेब्रुवारीअखेर परत पाठवा. ऑक्टोबर इथला सगळ्यात सुखाचा, कोरडा महिना. कापूस वेचणीला आलेला असतो, बाबांना बघायला आवडेल. जानेवारीत रात्री शून्याजवळ जातात, स्वेटर आणि बंद बूट हवेत. नोव्हेंबरातही टोर्नेडो होतात, म्हणून सावधगिरी आतापासूनच. डेल्टात जमिनीखाली पाणी वरच असतं, त्यामुळे तळघरं क्वचितच. तळमजल्यावर, मधोमध, खिडकी नसलेली खोली किंवा न्हाणीघर ठरवून ठेवा. हवामान खात्याचा बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्या. झोपेत सायरन ऐकू येईलच असं नाही.

प्रतिसाद २
आर्द्रतेच्या टक्क्यांवर जाऊ नका, पहाटे ते नेहमीच जास्त दिसतात. दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला उतरली की दव धरतं ते; तो जितका वर तितकी हवा दमट: ६० फॅरनहाइटच्या (साधारण १६ सेल्सिअस) खाली असेल तर बाबांना खुशाल चालू द्या, ७० च्या (साधारण २१ सेल्सिअस) वर गेला तर घरातच. पाण्याच्या गोळीबद्दल निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, उष्म्यात त्या गोळीने शरीरातलं पाणी आणखी कमी होऊ शकतं. आणि कपाटाच्या खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा.

धागाकर्ती
मनापासून आभार. मधलं न्हाणीघर आजच रिकामं करते. ऑक्टोबर म्हणजे आईची दिवाळी इथे होणार. भाजणीचं पीठ या हवेत कसं टिकवायचं, तेवढं कुणी सांगाल का?