कांद्याचा भाव मोबाईलवर आला, शेतकऱ्याच्या हाती काय आले?

गोदाकाठ : आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने, तेव्हाच्या मुंबई राज्यातील सुमारे दीडशे मराठी भाषक गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावातील वीसेक जण एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. आज आमच्या निफाड तालुक्यात लासलगावच्या लिलावाचा भाव काही मिनिटांत प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो; तरीही त्या रेडिओने शेतकऱ्याला जे दिले ते मोबाईलने दिलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती बातमी आम्हाला व्यापाऱ्यांइतकीच लवकर कळली. पण शेतात लाल कांदा होता आणि तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडमध्ये, टिकत नाही, त्यामुळे भाव पडल्याचे ठाऊक असूनही ट्रॅक्टर बाजार समितीत न्यावाच लागला. ज्याला थांबता येते त्यालाच माहितीचा उपयोग होतो.

शिवारातला : आपले शेवटचे विधान मला मान्य नाही. मासळी तर लाल कांद्याहूनही लवकर नासते. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल पोहोचले, तेव्हा कोणत्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आहे हे मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा यावरील अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मासळी फेकून देण्याची वेळ येणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकालाही मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. थांबता आले नाही तरी गाडी दुसरीकडे वळवता येते. माझे वडील कोणताही भाव न कळता पहाटे गाडी भरून निघत आणि पुकारला जाईल तो भाव मुकाट्याने घेत. ते दिवस मी पाहिले आहेत, म्हणून हा लाभ मला लहान वाटत नाही.

गोदाकाठ : गाडी वळवायची तर दुसऱ्या ठिकाणी वेगळा भाव असावा लागतो. बंदीनंतर लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, सगळीकडे भाव एकदमच कोसळले. केरळमधला प्रश्न कोणत्या किनाऱ्यावर जावे एवढा होता. आमचा भाव दिल्लीतील एका निर्णयाने पडला. रेडिओकडे परत जावे असे मी म्हणत नाही. गावोगावच्या त्या श्रोत्यांच्या गटांतून प्रश्न आकाशवाणी केंद्रापर्यंत जात असे, तशी वाट आज निर्यातीचा निर्णय घेणाऱ्यापर्यंत कोठे आहे, एवढेच विचारतो.

शिवारातला : ती वाट नाही, हे मान्य करतो. मात्र बंदीच्या बातमीनंतर चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी इतक्या लवकर जमले, ते याच मोबाईलमुळे. त्या काळी पत्र पुण्याला पोहोचायलाच काही दिवस लागले असते.

गोदाकाठ : जमले, हे खरे आहे. पण बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, आणि तोवर लाल कांद्याचा हंगाम संपला होता.