बेळगावजवळ कयाक चालवायला कुठं जाता?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. हवा भरायचं दोघांचं कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) घेतलंय, घडी करून डिकीत मावतंय. मला आणि भावाला पोहायला येतं, लाईफ जॅकेट पण आहेत. दांडेलीला भाड्यानं चालवलंय खरं दर रविवारी तिकडं जाणं जमत नाही. सकाळी जाऊन जेवायला घरी येता येईल असं संथ पाणी कुठं आहे? राकसकोपचं धरण सगळ्यात जवळ, तिथं चालतंय काय? पावसाळ्यात खानापूरला मलप्रभेत उतरायचं पण डोक्यात आहे.

खानापूरवाला
राकसकोप सोडा ओ, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. आणि मलप्रभा पावसाळ्यात अजिबात नको. उगम कणकुंबीला, तिकडं पाऊस कोसळत असतोय आणि खानापुरात ऊन असलं तरी नदी बघता बघता चढते. काठाची झाडं पाण्यात जातात, फांद्यांतनं पाणी निघून जातं खरं बोट तिथंच दाबून धरली जाते, पोहणारा सुद्धा सुटत नाही. पाऊस सरू दे, पाणी निवळू दे, मग असोग्याच्या देवळाजवळ जाऊन बघा. म्हादई नदीचं नाव काढू नका, वरचा भाग भीमगड अभयारण्यात येतो, वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही.

कृष्णाकाठ
आमच्या चिक्कोडीकडं या की. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि मागं लांबपर्यंत पाणी तुंबून राहतं, दूधगंगेवर, कृष्णेवर सगळीकडं असंच, शिकायला याच्यापेक्षा चांगलं पाणी नाही. खरं बंधाऱ्यापासून लांब राहायचं, हे मी परत परत सांगणार. वरच्या अंगानं येताना तो दिसतच नाही, पाण्यावर एक आडवी सरळ रेघ दिसते आणि त्याच्यामागं झाडांचे नुसते शेंडे, आणि ते कळेपर्यंत ओढ लागलेली असते. पडलेलं पाणी खाली उलटं फिरून भिंतीकडंच येतं, त्यात माणूस, बोट, ओंडका काहीही गेलं की तिथंच गरगरत राहतं, जॅकेट असलं तरी. म्हणून आधी मॅपवर सॅटेलाईट लावून नदी बघा, बंधारे कुठं कुठं आहेत ते टिपून घ्या, आणि उतरल्यावर पहिल्यांदा बंधाऱ्याच्या उलट दिशेला, प्रवाहाच्या वर वल्हवत जा, दमलात की पाणीच मागं आणून सोडतंय. तेवढंच, परत येताना उतरायची जागा चुकवू नका. पावसाळ्यात वरच्या अंगाच्या, महाराष्ट्रातल्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग रोज पेपरात येतो, तो वाढला की आमच्याकडं कृष्णा फुगलीच. आणि कृष्णेत मगरी आहेत, गावातल्या भोई लोकांना विचारल्याशिवाय उतरू नका, कुठल्या डोहात बसतात ते त्यांना बरोबर माहीत असतं.

हुक्केरी_४x४
हिडकल कोणीच कसं सांगितलं नाही? घटप्रभेचा एवढा मोठा जलाशय आहे. पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, ते पाण्यातनं बघायला मिळणं म्हणजे भाग्यच. परवानगीचं आधी पाटबंधारेवाल्यांना विचारा, आणि सकाळीच जा. दुपारी वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात आणि हवेचं कयाक हलकं असल्यामुळं वारा नेईल तिकडं जातंय. धरणाच्या भिंतीकडं, गेटकडं जायचं नाही. धुपदाळच्या बंधाऱ्याच्या खाली तर नकोच, पुढं नदी गोकाकला 52 मीटर खाली पडते.

टिळकवाडीकर
लै आभार सगळ्यांचे. म्हणजे पाऊस संपेपर्यंत थांबायचं? तोपर्यंत काहीच नाही काय?

खानापूरवाला
गणेशगुडीला जावा, लोंढा-रामनगरवरनं. काळी नदीचं पाणी तिथं सुपा धरणाच्या वीजघरातनं सुटतंय, त्याच पाण्यावर राफ्टिंग चालतंय. सोबत गाईड असतोय. उलटल्यावर कयाकमधनं बाहेर कसं यायचं ते त्याच्याकडनंच शिकून घ्या. जायच्या आधी फोन करून राफ्टिंग चालू आहे काय आणि त्या दिवशी पाणी सोडणार काय ते विचारा.

कृष्णाकाठ
आणि बरगे घातले की मला मेसेज करा, आमच्या गावातनं दोघांना घेऊन जातो.