घरी बनवलेलं ईसीजी दवाखान्यात चालेल का?

ऐरोलीकर: मामांचा दिव्यात छोटा दवाखाना आहे. त्यांचं ईसीजी मशीन बंद पडलंय. सर्व्हिसवाला म्हणतो अख्खं बोर्ड बदला, आणि त्या पैशांत जवळजवळ सेकंडहँड मशीन येईल. सर्किट डायग्राम मागितला तर मिळत नाही म्हणे. माझ्याकडे एडी८२३२ चं मॉड्यूल (हृदयाचा सिग्नल पकडणारी चिप) आणि ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) पडून आहे, ओपन सोर्स कोडही मिळाला. स्क्रीनवर लाटा मस्त दिसतात. डब्यात बसवून मामांना देऊ का?

वागळेचा सोल्डर: नको रे बाबा. लाटा मस्त दिसतात हीच तर गोची आहे. त्या मॉड्यूलवरचे फिल्टर ०.५ ते ४० हर्ट्‌झला बसवलेत, म्हणजे नुसते ठोके मोजायला. अटॅकची शंका आली की डॉक्टर एसटी सेगमेंट बघतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट तुकडा. तो फार संथ सिग्नल, त्यासाठी खाली ०.०५ पर्यंत जावं लागतं आणि वर १५०. ०.५ ला कापलंस की एसटी वर-खाली सरकू शकतो. धडधाकट माणूस आजारी दिसायचा!

शिवाय तुझी लीड (हृदयाकडे बघायचा कोन) एक, मामांना हव्यात बारा. त्याला बारा चॅनल लागत नाहीत हं, आठ पुरतात: पहिली, दुसरी आणि छातीवरच्या सहा. उरलेल्या चार गणिताने निघतात. तिसरी म्हणजे दुसरीतून पहिली वजा. म्हणून बरेच जण एडीएस१२९८ ही चिप घेतात, आठ चॅनल, २४ बिट.

आणि चार्जर लावलेल्या लॅपटॉपला यूएसबीने जोडून कुणाच्याही अंगाला इलेक्ट्रोड चिकटवू नकोस. बॅटरीवर चालव, डेटा ब्लूटूथने घे. मी मॉनिटर दुरुस्त करतो. आतलं बोर्ड बघशील तर मध्ये एक रिकामी पट्टी सोडलेली असते, पेशंटची बाजू एकीकडे, मेन्सची (भिंतीतल्या विजेची) दुसरीकडे, आणि तिच्यावरून एकही ट्रॅक जात नाही. डिझाइन ओपन असलं की ही पट्टी आहे का ते बोर्ड छापायच्या आधीच बघता येतं. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

कळव्याची सिस्टर: हौसच असेल तर ग्लियाचा स्टेथोस्कोप थ्रीडी प्रिंटरवर छापा, त्यात विजेची भानगडच नाही. डॉ. तारेक लुबानींचा प्रकल्प, गाझात सुरू झालेला. २०१८ मध्ये प्लॉस वन या विज्ञान नियतकालिकात चाचणी छापून आली, नावाजलेल्या लिटमन ब्रँडच्या स्टेथोस्कोपच्या तोडीचा निघाला. इन्फिल (आतला भराव) मात्र १०० टक्के ठेवा. पोकळ छापून पैसे वाचवणारे भेटलेत मला!

ऐरोलीकर: ताई, हे भारी आहे. पण दादा, मामांच्या मशीनचं काय करू?

वागळेचा सोल्डर: बोर्डाला हात लावायच्या आधी बॅटरी आणि पेशंट केबल बघ. केबल प्लगपाशी वाकून वाकून आतून तुटते, बाहेरून कळत नाही. मल्टिमीटर लावून तिथेच हलवून बघ. काही केबलमध्ये डिफिब्रिलेटरपासून (हृदयाला झटका देणाऱ्या मशीनपासून) बचावासाठी रेझिस्टर असतात, त्यामुळे १० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर ती चांगलीच आहे, फेकू नकोस. मॉडेल नंबर टाक इथे.