साउंड कार्ड बसवलं, पण आवाज मॉनिटरमधून! कीर्तनाच्या कॅसेटी उतरवायच्यात, सल्ला हवा

ट्रंकवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं वडिलांनी टू-इन-वनवर (रेडिओ-टेपवर) भरून ठेवली आहेत. साठ मिनिटांच्या कॅसेटी जास्त, थोड्या नव्वदच्या. ट्रंकभर माल आहे आणि तो दुसरीकडे कुठे मिळणारा नाही.

मदरबोर्डच्या जॅकमधून रेकॉर्ड केलं तर मागे किरकिर येते, माउस हलवला की ती वाढते. म्हणून मदरबोर्डच्या पीसीआय-एक्सप्रेस खाचेत बसणारं वेगळं साउंड कार्ड आणून बसवलं. विंडोज १० आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, मॉनिटर एचडीएमआयवर. आता परिस्थिती अशी:

कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं, पण आवाज येतो मॉनिटरच्या डबड्या स्पीकरमधून. कॅबिनेटच्या पुढचा हेडफोन जॅक मेला आहे. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं तर सरळ रेघ, म्हणजे आवाजच नाही. गुलाबी जॅकमध्ये पिन घातली तर आवाज येतो, पण फाटका.

कार्ड परत करून यूएसबीवालं घेऊ का? दुकानदार म्हणतो विंडोज नव्याने टाका. ते जिवावर आलंय.

पेचकस:
विंडोज टाकू नका, दुकानदाराला म्हणावं तू घरी टाक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाशिवाय दिसतंय म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही ठीक आहेत. तुमच्या तक्रारी चार आहेत आणि कारणंही वेगवेगळी आहेत, एकत्र कालवू नका.

मॉनिटरचं आधी. ग्राफिक्स कार्डात स्वतःचं साउंड डिव्हाइस असतं आणि एचडीएमआय जोडली की विंडोज कित्येकदा तेच डिफॉल्ट करून टाकतं. खाली घड्याळाजवळच्या स्पीकरवर क्लिक करा, वर डिव्हाइसचं नाव दिसेल, तिथून नव्या कार्डाचं निवडा. कायमचं करायचं तर साउंड कंट्रोल पॅनेलच्या प्लेबॅक टॅबमध्ये नव्या कार्डाला 'सेट डिफॉल्ट' आणि मॉनिटरवाल्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल'. त्याचे स्पीकर तसेही कोणी ऐकत नाही.

पुढचा जॅक मेलेला नाही, तो अजून जुन्या घरी राहतो. कॅबिनेटच्या पुढून एक वायर मदरबोर्डकडे गेलेली असते, टोकाला दहाच्या जागेत नऊ भोकांचा प्लग, त्यावर एचडी ऑडिओ लिहिलेलं. ती वायर मदरबोर्डवरच आहे, तेव्हा आवाज नव्या कार्डातून काढलात की पुढे शांतता. बहुतेक कार्डांवर तशाच पिना दिलेल्या असतात, प्लग तिकडे लावा. उलटा बसत नाही, एक पिन मुद्दाम गाळलेली असते. जुन्या कॅबिनेटमध्ये त्याच वायरला एसी-९७ लिहिलेला दुसरा प्लगही असतो. तो लावू नका, नाहीतर पिन घातल्याचं कार्डाला कळतच नाही. वायर पोचत नसेल तर एक्स्टेन्शन मिळते, पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत विचारा.

शेवटचं काम बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज): ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा, ऑडिओ डिसेबल. दोन्ही चालू ठेवली तरी बिघडत काही नाही, पण एखाद्या अपडेटनंतर विंडोज पुन्हा जुन्याकडे वळलं की तुम्ही परत इथे धागा काढाल.

हो, आणि ड्रायव्हर टाकल्यावर मशीन बंद-चालू करू नका, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून.

आयआरक्यू५:
आजच्या पोरांना काय त्रास आहे म्हणे! जुनं साउंड ब्लास्टर कार्ड आयएसए नावाच्या तेव्हाच्या स्लॉटमध्ये बसवून जंपर काढत-घालत आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) ५ की ७ हे ठरवायचो, प्रिंटरशी भांडण झालं की पुन्हा कॅबिनेट उघडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं की चाळीतली निम्मी मुलं बघायला यायची.

तसं बघता साउंड कार्डाची शान विंडोज व्हिस्टाने घालवली. २००७ साली आलं आणि गेमच्या आवाजाचं काम थेट कार्डाच्या हार्डवेअरकडे देणारी वाट बंद झाली. त्यानंतर साध्या ऐकण्यासाठी मदरबोर्डवरचा आवाज पुरतो. कार्ड लागतं ते तुमच्यासारख्याला, ज्याला आवाज *आत* घ्यायचाय.

पेचकस:
काका, विषयाला धरून एक वाक्य शेवटी का होईना आलं. +१

स्वरमेळ:
रेकॉर्डिंगचं मी सांगते, आमच्याकडे भजनी मंडळाच्या कॅसेटी अशाच उतरवल्यात.

गुलाबी जॅक माइकचा. माइककडून काही मिलीव्होल्ट येणार हे गृहीत धरून तो आवाज मोठा करतो. टेप डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या मशीनच्या) लाइन आउटमधून साधारण ०.३ व्होल्ट येतो, म्हणजे शंभरेक पट. फाटणारच. निळा जॅक लाइन इन, म्हणजे दुसऱ्या मशीनचा आवाज आत घेण्याचा, पिन तिथे. काही कार्डांवर माइक आणि लाइन इनला मिळून एकच जॅक असतो, मग ड्रायव्हरच्या खिडकीत तो लाइन इन आहे असं निवडावं लागतं.

सरळ रेघेचं कारण बहुतेक परवानगी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन, आणि अगदी खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण आहे ते चालू करा. नावात मायक्रोफोन असलं तरी लाइन इनलाही तेच लागू होतं आणि विंडोज अडवताना चकार शब्द काढत नाही. मग ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून लाइन इन निवडा. कार्ड बसवण्याआधी ऑडॅसिटी उघडी असेल तर तिला नवं डिव्हाइस दिसत नाही, बंद करून उघडा.

'नॉइज सप्रेशन', 'एन्हान्समेंट' असं जे जे दिसेल ते बंद. ते बोलण्यासाठी केलेलं असतं. पेटीचा धरलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो कापत सुटतं.

लेव्हल निरूपणावर लावू नका. बुवा शांतपणे बोलत असतात तेव्हा सगळं छान दिसतं आणि गजर सुरू झाला की टाळ-पखवाज डोक्यावरून जातात. आधी टेप पुढे नेऊन गजर शोधा, तिथे काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं करा. शून्याला लागलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू झालेला वाढवता येतो.

रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, आणि विंडोजमध्ये त्या डिव्हाइसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्येही तेवढंच. स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी होते. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला करा, मूळ वेव्ह जपा.

ट्रंकवाला:
सगळ्यांचे आभार. परवानगीचं बटण बंदच होतं, आता लाइन इन चालतो आणि माउसची किरकिर पूर्ण गेली. पुढचा जॅकही बोलू लागला.

एक राहिलं: मागे बारीक 'घूं' आहे. कॅसेट थांबवली तरी येतो. टेप डेक अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून कॉम्प्युटरला.

जुगाडू:
कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका किंवा टू-पिन अडॅप्टर लावा. घूं गायब. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच आहे.

पेचकस:
कृपया हे कोणी करू नका. घूं जाईल, पण एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) कधी लीकेज झालं तर ते कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल आणि हात लावणाऱ्यातून जाईल. कीर्तन उतरवायचंय, बुवांना भेटायला जायचं नाहीये.

५० हर्ट्झचा तो घूं बहुतेक अर्थिंगच्या वेटोळ्यामुळे येतोय. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, दोघांना अर्थिंग आणि मधून ऑडिओची वायर. तीन गोष्टी क्रमाने करा. लाइन इनची पिन काढून रेकॉर्ड करून बघा, घूं गेला तर कार्ड निर्दोष. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर मधून काढा, डेक थेट लाइन इनला. डेक टू-पिनचा असेल तर वेटोळं तिथेच तुटतं.

एवढ्यावरही गेला नाही तर हेच वेटोळं तोडणारी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातली खालचे सूर थोडे खाते, पखवाजाचा धुमा पातळ होईल. म्हणून ती शेवटी.

निळाजॅक:
यूएसबीचा प्रश्न मागेच राहिला. आज कोरी सुरुवात असती तर मी कार्ड घ्यायला सांगितलं नसतं. बेहरिंगरचं यूसीए२०२ हे यूएसबीवालं साउंड कार्ड कॅसेटींसाठी पुरेसं आहे: लाल-पांढऱ्या पिना थेट बसतात, कॅबिनेट उघडायला नको, लॅपटॉपलाही चालतं. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातं, पण कॅसेटचा स्वतःचा खरखराटच इतका असतो की २४ बिटचा फायदा फक्त लेव्हल लावताना सैल हात ठेवता येतो एवढाच. गिटार, माइकही जोडायचा असेल तर फोकसराइट स्कार्लेटसारखं काहीतरी. नुसत्या कॅसेटींसाठी ते जास्त होतं.

तुमचं मात्र बसलंय आणि चालतंय. परत करू नका.

ट्रंकवाला:
ठेवतोय. डेक थेट जोडला, घूं गेला. आता शंका कॅसेटींचीच: डेकवर आवाज दबलेला वाटतो, टू-इन-वनवर तीच कॅसेट खुलते. तसं का?

स्वरमेळ:
हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) कोनामुळे. ज्या मशीनवर भरली तिच्या हेडचा तिरकेपणा टेपवर उमटलेला असतो. दुसऱ्या मशीनचं हेड किंचित वेगळं असेल तर झांजेची धार जाते. टू-इन-वन चालू स्थितीत असेल तर त्यावरूनच उतरवा: हेडफोनच्या जॅकमधून लाइन इनला, आवाज निम्म्यावर, टोनचं बटण मध्यावर. जमलं तर सेलवर चालवा, मग अर्थिंगचा प्रश्नच नाही. रबरी पट्टा सैल झाला असेल तर मात्र सूर डुलतील, तेव्हा डेक वापरून हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवा आणि कान झांजेवर ठेवा.

सुरू करण्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. नव्वदची टेप पातळ असते, तिला सारखं थांबवू-फिरवू नका. आणि पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, एकीची बुरशी हेडवरून सगळ्या ट्रंकेत जाते.