एमबीबीएस करता करता टेरिटोरियल आर्मी : कोकणातल्या मुलांनी या फंदात पडावं का?

काजूबोंडू (धागाकर्ता)
अलिबाग, ओरोस, रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, डेरवण-पडव्याला खासगी आहेत. घराजवळ डॉक्टर होता येतंय म्हटल्यावर एक प्रश्न वारंवार कानावर येतो : अमेरिकेत रिझर्व्हवाले (अर्धवेळ राखीव सैन्यातले) महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे देऊन मेडिकल करतात, मग आपली मुलं टीएत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेनेत) का जाऊ नयेत?

माझं मत : पदवी हातात पडेपर्यंत मुळीच नको. पहिली अडचण पात्रतेची. टीएत अधिकारी व्हायला वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःच्या कमाईचं साधन लागतं. एमबीबीएसच्या मुलाकडे वय सोडून काहीच नाही.

पण समजा पात्रतेत सूट दिली, तरी हजेरीचं काय? थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी हवी, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. वर्षात ४० आठवडे शिकवणं धरा. त्याचे २० टक्के म्हणजे ८ आठवडे. टीएचा वार्षिक कॅम्प दोन महिन्यांचा, म्हणजे साडेआठ आठवडे. एका कॅम्पातच सगळी सवलत संपली, वर तापाचा एक दिवससुद्धा उरला नाही. शिवाय पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण वेगळं, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं पोस्ट-कमिशन (अधिकारी झाल्यानंतरचं) ट्रेनिंग वेगळं. सुट्टीत बसवू म्हणाल, तर तेवढी सुट्टी नसते आणि कॅम्पची तारीख युनिट ठरवतं.

खाडीपलीकडचा
हिशोब बरोबर, निष्कर्ष पटला नाही. "आधी डॉक्टर हो, मग बघू" म्हटलं की ते कायमचं राहून जातं. इंटर्नशिपनंतर बाँड (सक्तीची सरकारी सेवा), मग पीजीची तयारी, मग दवाखाना, संसार. अंगात रग असते ती विशीत. आणि कोकणाला अशा माणसांची गरज आहे : २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूणचा पूर. शिस्तीत काम करणारा, वायरलेसवर नीट निरोप देणारा, जखमी माणूस स्ट्रेचरवर बरोबर उचलणारा भावी डॉक्टर तालुक्यात असावा, असं वाटण्यात चूक काय? अधिकारी नाही तर जवान म्हणून जाऊ द्या, तिथे दहावी चालते. आणि कॅम्पचे दिवस हजेरीत धरायचा नियम करा.

बांधावरून
@खाडीपलीकडचा, जवानाच्या भरतीतही पोटापाण्याचं साधन विचारतात. टीएची कल्पनाच ती आहे : माणूस मुळात नोकरी-धंद्यातला, गरजेपुरता गणवेशात. विद्यार्थी त्या चौकटीत बसत नाही.

आणि खरा धोका कॅम्पचा नाही, बोलावणं येण्याचा आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले, ३२ इन्फन्ट्री (पायदळ) बटालियनपैकी १४ प्रत्यक्ष सेवेत बोलावायला मंजुरी दिली, आणि त्या आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. थर्ड इयरच्या मुलाला असं पत्र आलं तर? प्रादेशिक सेना कायदा १९४८ चं कलम ७-अ मालकाला बांधतं, सेवेवरून परतलेल्याला कामावर परत घ्यावंच लागतं. त्यात कॉलेज कुठेच नाही. नोकरी राखून ठेवली जाते, टर्म नाही. प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पुरं करायची अट मात्र चालूच राहते.

हजेरी माफ करून हे सुटणार नाही. कान-नाक-घशाचं पोस्टिंग (त्या विभागात पेशंटवर शिकणं) चार आठवड्यांचं. त्यात कानाची पाळी वर-मागे ओढून ओटोस्कोप (कान तपासायची दुर्बीण) आत घालायचा, पडदा ओळखायचा, लॉगबुकात सही घ्यायची. कागदावर हजर दाखवलं तरी ते हाताला येत नाही, आणि सोसायचं पेशंटला.

खाडीपलीकडचा
कलम ७-अ चा मुद्दा मान्य. पण मग मागणी तीच हवी : विद्यार्थ्याची टर्म राखायची तरतूद. अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रिझर्व्हची स्टायपेंडची वेगळी योजना आहे. आपण नुसती तुलना करतो, व्यवस्था मागत नाही.

घाटमाथा
महिन्याचा शनिवार-रविवार इथे आणला तरी तो गाठणार कसा? आपल्याला जवळची टीए बटालियन कोल्हापूरची, १०९ मराठा लाइट इन्फन्ट्री. रत्नागिरीहून आंबा घाटाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, ओरोसहून फोंडा किंवा करुळ घाटाने चढायचं. जुलैत दरड आली की सोमवारची सकाळची ओपीडी गेली.

विद्यार्थ्याला एनसीसी पुरे. सीनियर डिव्हिजन (कॉलेजच्या मुलांची शाखा), दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प, दुसऱ्या वर्षी बी आणि तिसऱ्या वर्षी सी सर्टिफिकेट. लढाईवर जायचं बंधन नाही. फक्त फर्स्ट इयरलाच नाव घाला, उशीर केला तर सीचा कॅम्प क्लिनिकल पोस्टिंगवर येतो. आणि कॅम्पआधी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी "जा रे" परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कामाला येत नाही.

काजूबोंडू
घाटमाथा, सहमत. ज्याला गणवेशच हवा त्याने इंटर्नशिपनंतर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी) घ्यावं : पाच वर्षं, पुढे वाढवून चौदापर्यंत. तिथे तो डॉक्टर म्हणूनच काम करतो. टीएच्या इन्फन्ट्रीत डॉक्टरने प्लॅटून (जवानांची तुकडी) चालवणं मला अपव्यय वाटतो.

बांधावरून
अपव्यय नाही हो. गावात प्रॅक्टिस करायची आणि वर्षातले दोन महिने द्यायचे, हे शॉर्ट सर्व्हिसमध्ये जमत नाही. पंचविशीत एमबीबीएस झालेल्याकडे टीएसाठी बेचाळीसपर्यंत सतरा वर्षं असतात. स्वतःचा दवाखाना हे कमाईचं साधन ठरतं. सरकारी आरोग्य केंद्रात असाल तर खात्याचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणून बाँडचं वर्ष आधी संपवा.

खाडीपलीकडचा
आणि तोपर्यंत पुराचं काय?

घाटमाथा
होमगार्ड, सिव्हिल डिफेन्स आहेत. पूर ओसरल्यावर विद्यार्थ्यालाही काम असतं : चिखलात उतरणाऱ्यांची यादी करायची, पायाला जखम कुणाला ते टिपायचं, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिन वाटायची. मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर गोळी हातात न देता डॉक्टरांकडे पाठवायचं.