मेटालिकाचं 'ओरायन': तुमचा अनुभव लिहा

आठ मिनिटं सत्तावीस सेकंद, आणि एकही शब्द नाही. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' (मार्च १९८६) या अल्बममधलं 'ओरायन' आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलंय, पण त्यावर निवांत बोलणं होत नाही. मेटालिकाचा विषय निघाला की गाडी 'वन' नाहीतर 'फेड टू ब्लॅक'वर जाते. म्हणून हा धागा. कुठे ऐकलंत, काय वाटलं, कुठला भाग धरून ठेवतो, सगळं लिहा. आवडत नसेल तर तेही लिहा, फक्त का ते सांगा.

सुरुवात मी करतो. मला सगळ्यात आवडतो तो अगदी पहिला भाग. आवाज हळूहळू वर येतो आणि हे वाद्य नेमकं कोणतं तेच कळत नाही. ऑर्गन? गिटार? तो बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन याचा बेस गिटार आहे, इफेक्ट लावून थरावर थर चढवलेला. मेटलमध्ये बेस बहुतेकदा गिटारच्या मागे दडलेला असतो, कान देऊन शोधावा लागतो. इथे पहिल्यांदा तोच बोलतो, आणि गिटार त्याच्यामागून येतात.

बी साइड
नव्वदच्या सुरुवातीला डोंबिवलीत भावाच्या मित्राकडून हा अल्बम भरून घेतला होता. साठची कॅसेट. चार गाणी इकडे, चार तिकडे, दोन्ही बाजू सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांच्या, त्यामुळे चपखल बसायचा. 'ओरायन' बी साइडला तिसरं. पुढे पळवलं तर नेमकं कुठे थांबायचं ते कळायचं नाही, म्हणून आख्खी बाजू ऐकायचो.
टेपरेकॉर्डरच्या हेडवर मळ साचला की झांजा आणि गिटारची धार जायची, बेस तेवढा घुमत राहायचा. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं, की झांजा परत हजर. खरं सांगू, बेसकडे माझं लक्ष गेलं ते त्या मळलेल्या हेडमुळे.
माझं म्हणणं आजही हेच आहे की 'ओरायन' सुटं ऐकू नये. त्याच्या मागोमाग 'डॅमेज, इंक.' सुरू होतं तेही बर्टनच्या बेसनेच, हळूहळू फुगत येणाऱ्या सुरांनी. प्लेलिस्टमध्ये ही जोडी तुटते.

चार तारा
मी पुण्यात बेस वाजवतो, म्हणून थोडं वाजवणाऱ्याच्या बाजूने.
बर्टन पिक (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता बोटांनी वाजवायचा. 'ओरायन'मध्ये ते जाणवतं, सुराची कड गोल राहते. चार मिनिटांच्या आसपास सगळा जोर ओसरतो आणि बेस एकटाच एक संथ आकृती धरतो. ऐकायला सोपी, वाजवायला अजिबात नाही. तर्जनी आणि मधलं बोट सारख्याच वजनाने पडलं नाही तर ती लगेच लंगडते. वेगाच्या मागे तुमचे दोष लपतात, इथे लपायला जागाच नाही. आणि साडेसहा मिनिटांनंतर येणारा सोलो गिटारचा समजणारे खूप भेटतात. तो बेस आहे, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेला. हेडफोन लावून पुन्हा ऐका.
आम्ही हे कॉलेजच्या एका स्पर्धेत वाजवणार होतो. आयोजकांनी विचारलं, "गायक कुठाय?" गायक नाही म्हटल्यावर नाव कापलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दादरा
तबला शिकले आहे, मेटल फार नाही. पण तुम्ही म्हणता तो संथ भाग ऐकताना माझी बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली. सहाची चाल आहे ती! धा धी ना, धा ती ना. त्याआधीचा सगळा भाग चारच्या दणक्यात, आणि तिथून सहात उतरताना कुठे खडखडाट नाही. माझे गुरुजी म्हणायचे, लय बदलली हे श्रोत्याला नंतर कळलं पाहिजे. इथे तसंच होतं. दोन आवर्तनं होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

बी साइड
@दादरा, वा! इतकी वर्षं ऐकतोय, मात्रा कधी मोजल्या नव्हत्या.

उत्तररात्र
मला एक वेगळं म्हणायचंय. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बर्टन गेला. वय २४. अंत्यविधीत 'ओरायन' वाजवलं गेलं, आणि तेव्हापासून सगळे ते शोकगीत म्हणूनच ऐकतात. मला हे त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंग झालं १९८५ मध्ये, कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत. तेवीस वर्षांचा मुलगा. बाख आवडणारा, संगीताचं शास्त्र शिकलेला. थ्रॅशच्या वेगवान अल्बममध्ये त्याला एवढी मोकळी जागा मिळाली होती. मधल्या भागात सूर एकमेकांना धरून वर चढतात तेव्हा मला तरी तिथे मरण ऐकू येत नाही. आपल्याला काय काय करता येतं ते नुकतं उमगलेल्या माणसाचा आनंद ऐकू येतो.

चार तारा
@उत्तररात्र, अर्धं पटलं. पण बँडने हे मंचावर पहिल्यांदा संपूर्ण वाजवलं ते जून २००६ मध्ये, जर्मनीत रॉक आम रिंग या संगीत महोत्सवात, अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून. तोवर नुसते तुकडे वाजायचे. बेसवर रॉबर्ट ट्रुहियो होता. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डने तर याच मधल्या भागाचे स्वर हातावर गोंदवून घेतलेत. बनवताना आनंद असेलच, पण नंतर त्यात जे मिसळलं तेही आता त्या संगीताचंच आहे. मला दोन्ही वेगळं काढता येत नाही.

ई-फोर
मी माल्मोला राहते. अपघाताची जागा ल्युंगबीजवळ, ई-फोर महामार्गावर. २००६ मध्ये तिथे डोरापला स्मृतिशिला बसवली. स्टॉकहोमला गाडीने जाताना आम्ही मुद्दाम थांबलो. शिळेपाशी फुलं होती, पावसाने भिजलेली पत्रं आणि गिटारचे पिक. पुन्हा गाडीत बसल्यावर 'ओरायन' लावलं. ज्या रस्त्यावर ते झालं त्याच रस्त्यावर आपण आहोत हे माहीत असताना मधला भाग माझ्याच्याने ऐकवेना. बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं ते पहिल्या रिफपासून (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी चाल), जिथे ड्रम्स येतात आणि सगळे एकत्र चालायला लागतात. त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं. उत्तररात्र, म्हणून तुमचं पटतं.

समुद्रतळ
विरोधी मत नोंदवतो. मेटालिकाचं सगळ्यात उत्तम वाद्यसंगीत 'द कॉल ऑफ क्टुलू', १९८४. तिथे एकच कल्पना घेऊन ती ताणत नेतात, भीती वाढत जाते. 'ओरायन' मला तीन सुंदर तुकड्यांची शिवण वाटते. १९९९ ला संगीतकार-कंडक्टर मायकल केमन आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर 'क्टुलू' वाजवलं ते ऐका, त्याला ग्रॅमीही मिळालं. बर्टनचा हात त्यातही आहेच.

बी साइड
@समुद्रतळ, शिवण आहे हे मान्य, पण ती दिसते कुठे ते दाखवा. वर दादरा यांनी लिहिलंय की दोन आवर्तनं त्यांना कळलंही नाही.

समुद्रतळ
चारमधून सहात जाताना नाही दिसत. तिथून परत जोरात येताना दिसते. तिथे मला धक्का बसतो. आज हेडफोन लावून ऐकतो आणि सांगतो.

तुळसवृंदावन
माझा मुलगा बारावीत आहे, नवीन बेस घेतलाय, महिनाभर हेच चाललंय. मला मूळ रेकॉर्ड जोरात वाटतं. पण त्याने रोद्रिगो इ गाब्रिएला या मेक्सिकन जोडीचं ऐकवलं, दोन साध्या गिटार, त्यांच्या २००६ च्या अल्बममधलं. ते मी आता स्वयंपाक करताना लावते. त्यानंतर मूळ ऐकलं तेव्हा चाल ओळखीची झाली होती आणि आवाजाचा त्रास कमी झाला. त्याचं मधल्या भागात सारखं अडतं, मग चिडतो. काय सांगू त्याला?

चार तारा
ताई, त्याला म्हणावं रेकॉर्डसोबत वाजवणं आठवडाभर बंद. मेट्रोनोम निम्म्या वेगावर, इफेक्ट सगळे काढून, नुसती ती आकृती. दादरा यांनी दिलेले बोल तोंडाने म्हणत वाजवू दे. दोन्ही बोटांचा आवाज सारखा येतो का ते तुम्ही स्वयंपाकघरातून ऐका, कमीजास्त झालं की हाक मारा. सारखा यायला लागला की मग वेग.